हॉसवॉटरच्या पाण्याखालचं गाव

मँचेस्टर



इंग्लंडमधलं खेडं कसं असतं, त्यात माणसं किती, त्यांची पोटापाण्याची व्यवस्था काय, असं किन्हवलीहून नेहमी विचारणं होतं. नांदत्या खेड्यांवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण शहापूर-मुरबाडच्या माणसाला ज्या खेड्याची गोष्ट आपली वाटेल, ते आज जागेवर नाही. मँचेस्टरच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत, जुन्या वेस्टमोरलंड परगण्यात ते होतं. नाव मार्डेल ग्रीन. मँचेस्टरच्या नळांना जे पाणी येतं, त्यातलं काही त्या गावाच्या घरांवर साठलेलं असतं.

गाव अगदी लहान. एक चर्च, ‘डन बुल’ नावाची खानावळ, शाळा आणि खोऱ्यात विखुरलेली शेतघरं. पावसाळी मुलूख, जमीन खडकाळ, त्यामुळे सगळा भर मेंढ्यांवर. डोंगराला कुंपण नाही, तेव्हा एकाच्या मेंढ्या दुसऱ्याच्या कळपात शिरायच्या. त्या ओळखून परत करायला दर नोव्हेंबरात सगळे मेंढपाळ ‘डन बुल’ला जमत. कोणाच्या मेंढीच्या कानाला कसला काप, लोकरीवर कोणत्या रंगाची खूण, याची छापील पुस्तकंच या भागात असतात. मेंढ्या परत केल्या की खाणंपिणं, गाणी, शिकार. गाव बुडाल्यावरही हा मेळा बंद पडला नाही, तो खालच्या बॅम्प्टन गावी भरू लागला.

सन १२०८ मध्ये जॉन राजाच्या रोषातून पळालेला ह्यू होम नावाचा माणूस इथं लपला आणि इथलाच झाला, असं सांगतात. त्याच्या वंशजांना लोक ‘मार्डेलचे राजे’ म्हणत. ते घराणं १८८५ साली संपलं.

आता लोकसंख्येविषयी. इंग्लंडची पहिली मोठी मोजदाद १०८६ ची, ‘डूम्सडे बुक’ या नावानं ओळखली जाते. पण राजाची माणसं वेस्टमोरलंडच्या बहुतेक भागात पोचलीच नव्हती, त्यामुळे मार्डेलला तिचा उपयोग नाही. खरी नोंद ठेवली चर्चनं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ साली, प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहावं असा हुकूम निघाला. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावगाडा. राजा असो की गडी, त्याचं नाव त्या वहीत लागायचं. दर दहा वर्षांची जनगणना त्यानंतर पुष्कळ उशिरा, १८०१ पासून. घरोघरच्या माणसांची नावं असलेले तिचे कागद शंभर वर्षांनी सगळ्यांसाठी खुले होतात. १९२१ चे २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. मार्डेल उभं असताना झालेली शेवटची जनगणना मात्र १९३१ ची. तिचे इंग्लंड-वेल्सचे कागद १९४२ साली आगीत जळाले, आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही.

मार्डेलला आधी स्वतःची दफनभूमी नव्हती. माणूस गेला की प्रेत घोड्याच्या पाठीला बांधून डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि शॅप गावच्या चर्चमध्ये पुरायचं. बर्फ पडलेलं असलं तरी हेच. अठराव्या शतकात गावच्या चर्चला दफनाची परवानगी मिळाली आणि १७३६ साली शेवटचं प्रेत त्या वाटेनं गेलं. मग दोनशे वर्षं मार्डेलची माणसं मार्डेलातच पुरली गेली.

मँचेस्टरची तहान त्याआधीच डोंगरांत पोचली होती. १८९४ साली शेजारच्या थर्लमियर तळ्याचं पाणी शहरात आलं. आपल्या तानसा तलावाचं पाणी मुंबईला गेलं १८९२ साली. काळ एक, राज्यकर्ते एक, विचारही एकच. थर्लमियर पुरेना तेव्हा १९१९ साली पार्लमेंटनं हॉसवॉटर तळ्यावर धरण बांधण्याचा कायदा केला. काम १९२९ मध्ये सुरू झालं. तळ्याची पातळी सुमारे २९ मीटर चढणार होती आणि मार्डेल तिच्या आत होतं.

१८ ऑगस्ट १९३५ रोजी गावच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. आत जेमतेम पाऊणशे माणसं मावत. बाहेर शेकडो उभी होती आणि त्यांनी ती लाउडस्पीकरवर ऐकली. दफनभूमीतून ९७ जणांचे अवशेष काढून शॅपला नेऊन पुन्हा पुरले. दोनशे वर्षांपूर्वी जिथं मृतांना न्यायचं थांबलं होतं, तिथंच. घरं लष्कराच्या इंजिनिअरांनी सुरुंग लावून पाडली, त्यांचा तेवढाच सराव झाला. चर्चचे दगड पाणी सोडण्याच्या मनोऱ्याच्या बांधकामात गेले. कडक उन्हाळ्यात, जसा १९८४ ला, १९९५ ला आणि २०२२ ला पडला, गावाचा पूल आणि बांधांच्या भिंती वर येतात, मग लोक दुरून पाहायला जातात.

हॉसवॉटरमध्ये सुमारे ८४ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. मुंबई महापालिकेच्या तक्त्यात एकट्या भातसा धरणाची क्षमता ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर लागते. म्हणजे आठ हॉसवॉटरहून अधिक पाणी आपल्या शहापूर तालुक्यात अडवलेलं आहे, आणि त्याच तालुक्याच्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहतात. भातसाचं काम सुरू झालं तेव्हा राज्यात विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदाही नव्हता, तो १९७६ साली आला. ज्याच्या नावावर सातबारा, तो कागदावर बाधित. जंगलाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या वरी-नाचणी पिकवणाऱ्या ठाकूर-कातकऱ्याच्या नावावर बहुतेकदा काहीच नसतं.

मँचेस्टर मार्डेलशी न्यायानं वागलं, असं माझं म्हणणं नाही. ज्यांची घरं गेली त्यांना विचारलं कोणी? पण ९७ हा आकडा आज मला लिहिता येतो, कारण कोणीतरी ते अवशेष मोजले आणि कुठं पुरले ते लिहिलं. भातसात किती घरांचे चौथरे, किती विहिरी, किती गावदेव्या गेल्या हे लिहायला मी बसलो तर कोणती वही उघडायची? १९४८ च्या कायद्यानं आपल्या जनगणनेतल्या घरोघरच्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत, आणि इथल्यासारखी शंभर वर्षांची मुदतही त्यात नाही. आता मुरबाडात काळू धरणाचं सावट आहे. वनखात्याच्या मंजुरीआधीच काम सुरू झालं म्हणून २०१२ साली उच्च न्यायालयानं ते थांबवलं. शहरं वाढतच आहेत, तेव्हा हा विषय पुन्हा पुन्हा निघणार.

म्हणून किन्हवलीच्या शाळा-कॉलेजातल्या मुलांना एक काम सुचवतो. भातसातून उठलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जा आणि लिहून घ्या: कोणत्या पाड्यावर कोणाचं घर होतं, घरात माणसं किती, विहीर कोणी खणली, वाघदेवाचा दगड कुठं होता, आणि उठल्यावर कोण कुठं गेलं. काळूकाठच्या पाड्यांचीही अशीच वही आत्ताच करा. इथली गावची इतिहास मंडळं अशा नोंदींसाठी साधी कोष्टकं वापरतात. ती मराठीत करून पुढच्या पत्रासोबत पाठवतो.