जंभेरीचा खुंट आणि ब्लॉकचेनची नोंद

वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटात पावसाळा लागला, की संत्र्याच्या कलमांना गिऱ्हाईक येतं. रोपवाटिका हा या गावाचा मुख्य धंदा. पिशवीतली कलम हातात घेतली की शेतकरी आधी बुंधा बघतो. डोळा मातीपासून वीतभर वर भरलाय का, सांधा नीट जुळलाय का. एवढं डोळ्यांना दिसतं. पुढचं विचारावंच लागतं : ‘‘भाऊ, खाली जंभेरीच हाये ना? अन् डोळा कोन्या झाडाचा हाये?’’

उत्तर खरं होतं की नाही, ते झाड फळावर आल्यावर कळतं, म्हणजे चार-पाच वर्षांनी. तोवर पावती कुठल्या कुठे गेलेली असते. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे. परवाना लागतो, खुंट आणि डोळकाडी कुठून आणली याची नोंद ठेवावी लागते. पण ती वही रोपवाटिकेच्याच कपाटात. मागाहून एखादं पान बदललं तर गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही.

ब्लॉकचेन कामाला येऊ शकतं ते नेमकं इथे. मूळ कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी 1991 मध्ये दस्तऐवजावर काळाची मोहोर उठवण्याची पद्धत मांडली. 1995 पासून त्यांच्या कंपनीने अशा नोंदींचा एकत्रित सांकेतिक ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. अंक घरोघर गेल्यावर ती ओळ बदलणार कोण? 2015 मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या साखळीवर, हेच काम वर्तमानपत्राऐवजी जगभरचे हजारो संगणक करतात. प्रत्येकाकडे नोंदींची तीच प्रत असते.

महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. 2021 मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने बनावट प्रमाणपत्रांना आळा घालण्यासाठी इथेरियमची वाट धरली. पुढच्याच वर्षी गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे 65 हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या साखळीवर करण्याचं काम हाती घेतलं गेलं. दोन्हीकडे तंत्र ‘लेजिटडॉक’ या प्रणालीचं होतं. एटापल्लीला जमलं, तर शेंदूरजनाघाटच्या एखाद्या बीसीए करणाऱ्या पोराला कलमांसाठी हे का जमू नये?

लागतं तरी काय? एक ब्राउझर, ‘मेटामास्क’ नावाचं डिजिटल पाकीट आणि ‘ईथर्स’ ही जावास्क्रिप्टची मोफत लायब्ररी. (‘वेब3.जेएस’ शिकवणारे जुने धडे अजून सगळीकडे सापडतात, पण त्या लायब्ररीची देखभाल 2025 च्या मार्चमध्ये थांबली. तिच्या नादी न लागलेलं बरं.) साखळीवर राहणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ‘काँट्रॅक्ट’, सॉलिडिटी भाषेत लिहायचा. तो ‘रीमिक्स’ या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच लिहून होतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. काम दोनच : आलेला ठसा वेळेसह साठवायचा आणि विचारलं तर ती वेळ सांगायची. तोच ठसा दुसऱ्यांदा आला तर नाकारायचा. नोंद करण्याचा हक्क ठराविक पत्त्यालाच द्यायचा. ही अट राहून गेली, तर जगातला कोणीही शेंदूरजन्याच्या नावाने कलमा नोंदवेल.

बाकीचं जावास्क्रिप्ट सांभाळतं. समजा, नोंद अशी आहे : ‘खुंट जंभेरी, मातृझाड 14, गट 3’. ईथर्सच्या ‘आयडी’ या फंक्शनला हे वाक्य दिलं की 64 अक्षर-अंकांचा ठसा मिळतो. ठशावरून वाक्य उलटं काढता येत नाही, पण वाक्यातलं एक अक्षर हललं तरी ठसा पार बदलतो. आणि वऱ्हाडात गोची इथेच होते. कोणी ‘जंभेरी’ लिहितो, कोणी ‘जंबेरी’. कोणी 14, तर कोणी १४. माणसाला हे एकच, संगणकाला चार वेगळ्या कलमा. म्हणून मोकळ्या रकान्याऐवजी निवडायची यादी द्यावी, आकड्यांची एकच पद्धत ठरवावी.

ठसा तयार झाला की मेटामास्कची खिडकी उघडते, मालक सही करतो आणि बहुधा काही सेकंदांत नोंद साखळीवर चढते. इथेरियमवर दर 12 सेकंदांनी नवा ब्लॉक येतो. लिहायला ‘गॅस’ नावाचं शुल्क पडतं, वाचायला नाही. त्यामुळे शेतकऱ्याला पाकिटाची गरजच नाही. रोपवाटिकेने पिशवीवर चिकटवलेला त्या नोंदीचा क्यूआर त्याने मोबाइलने टिपायचा आणि नोंदीची तारीख बघायची. शिकण्यासाठी ‘सेपोलिया’ हे चाचणीचं जाळं आहे, तिथलं नाणं फुकट मिळतं. तिथे केलेलं काम कायमचं समजू नये, एवढंच. पॉलिगॉनच्या चाचणी जाळ्याचं नाव चक्क ‘मुंबई’ होतं. 2024 मध्ये ते बंद झालं.

पाकीट परत मिळवून देणाऱ्या 12 गुप्त शब्दांचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं म्हणजे किल्ली कुलपालाच लावून ठेवणं. शेतकऱ्याचं नाव, आधार क्रमांक असलं काही साखळीवर टाकायचंच नाही, कारण ते नंतर पुसता येत नाही.

एक भोक तरीही उरतं आणि ते मोठं आहे. खुंट भलताच असताना कोणी ‘जंभेरी’ नोंदवलं, तर साखळी ते खोटंही तितक्याच निष्ठेने जपते. क्यूआरची चिठ्ठी एका पिशवीवरून काढून दुसरीवर लावता येते, ते वेगळंच. म्हणून एकेका कलमेपेक्षा डोळकाडीच्या गटाची नोंद जास्त कामाची. ती डोळे भरतानाच व्हावी आणि एका सहीवर पक्की होऊ नये. रोपवाटिकेच्या मालकाने गट नोंदवायचा, मातृझाड डोळ्यांनी पाहून आलेल्या कृषी अधिकाऱ्याने स्वतःच्या पाकिटातून दुसरी सही करायची; तोवर मोबाइलवर ‘तपासणी बाकी’ दिसत राहील. काँट्रॅक्टमध्ये त्यासाठी थोड्याच ओळी वाढतात.