एका सापानं बेटावरचे पक्षी संपवले, म्हणून आकाशातून पॅरासिटामॉल भरलेले उंदीर टाकावे लागले

हेलिकॉप्टरमधून जंगलावर मेलेले उंदीर टाकले जातायत. प्रत्येक उंदरात 80 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल भरलंय, म्हणजे तापात आपण घेतो त्या 500 च्या गोळीचा जेमतेम सहावा भाग. आणि प्रत्येकाला बांधलंय छोटंसं कागदी पॅराशूट.

ही बातमी अधूनमधून व्हायरल होते, लोक हसतात आणि फेक म्हणून सोडून देतात. पण ती खरी आहे. 2013 साली ग्वाम बेटावर असे 2000 उंदीर टाकले गेले.

ग्वाम हे पश्चिम प्रशांत महासागरातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. क्षेत्रफळ साधारण 540 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा थोडं लहानच. गांडुळाएवढा वाळा सोडला तर इथं साप नव्हते. दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यू गिनीच्या बाजूच्या बेटांवरून लष्करी सामान ग्वामला परत येऊ लागलं आणि त्यात लपून आला ब्राऊन ट्री स्नेक. आपल्याकडच्या मांजऱ्या सापाचा हा भाऊबंद. रात्री फिरणारा, झाडावर सरसर चढणारा, सौम्य विषारी.

पुढची काही वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. मग दक्षिण ग्वाममध्ये पक्ष्यांचे आवाज कमी होत गेले. आधी दक्षिण, मग मध्य, शेवटी उत्तरेचं जंगल. सुरुवातीला संशय कीटकनाशकांवर होता, मग रोगराईवर. पण तपासात दोन्ही बसेनात. ज्युली सॅविज या संशोधक महिलेनं साप कुठे कधी पोचला आणि पक्षी कुठे कधी गायब झाले, हे शेजारी शेजारी मांडलं, तेव्हा दोन्ही जुळलं. 1987 साली तिचा शोधनिबंध आला. तोवर उशीर झाला होता. जंगलात राहणाऱ्या 12 स्थानिक पक्ष्यांपैकी 10 बेटावरून नाहीसे झाले. त्यातला ग्वाम फ्लायकॅचर तर जगातूनच गेला.

आता एक साधा प्रश्न पडतो. पक्षी संपल्यावर साप उपाशी का मेला नाही?

इथंच खरी मेख आहे. सापाला फक्त पक्षी लागत नव्हते. पाली, सरडे, उंदीर काहीही चालत होतं. त्यामुळे पक्षी कमी झाले तरी सापांची संख्या खाली आलीच नाही आणि शेवटचं घरटंही सुटलं नाही. शिवाय झाडावर चढून अंडी खाणारा साप या पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलाच नव्हता. त्यांना त्याच्यापासून वाचायचं कसं, हेच ठाऊक नव्हतं.

पक्षी गेल्यावर कोळ्यांना रान मोकळं मिळालं. पावसाळ्यात ग्वामच्या जंगलात शेजारच्या बेटांपेक्षा 40 पटींपर्यंत जास्त कोळी आढळले. फळं खाऊन बिया लांब टाकणारं कुणी उरलं नाही. 2017 च्या एका अभ्यासानुसार दोन नेहमीच्या झाडांची नवी रोपं यामुळे 61 ते 92 टक्क्यांनी घटली असावीत. माणसांचाही ताप वाढला. विजेच्या तारांवर चढलेल्या सापांमुळे शेकडो वेळा वीज गेली.

पॅरासिटामॉलच का? कारण ते या सापाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. हा साप मेलेली शिकारही खातो, हे आणखी सोयीचं. आणि पॅराशूट गंमत म्हणून नाही. ते फांद्यांत अडकावं म्हणून आहे. उंदीर जमिनीवर पडला तर सापाआधी खेकडेच त्याचा फडशा पाडतात. या उपायानं ठराविक पट्ट्यात साप कमी होतात, पण आख्खं बेट सापमुक्त झालेलं नाही. म्हणून विमानतळ-बंदरावर शिकवलेली कुत्री माल हुंगतात, नाहीतर पुढचा नंबर हवाईचा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर अंदमान बघा. पहिल्या पावसात आपल्या शेतात पिवळाधमक होऊन डराव डराव करणारा मोठा बेडूक तिथं परका आहे. माणसाबरोबरच तो तिथं पोचला आणि त्याची पिल्लं डबक्यातल्या स्थानिक बेडकांच्या पिल्लांना खातात. म्हणजे जात वाईट नसते, जागा चुकलेली असते.

ग्वामच्या दोन पक्ष्यांना मात्र माणसानं वेळेत पकडून पिंजऱ्यात वाढवलं. कोको नावाची पाणकोंबडीच्या कुळातली चिमणी धावपटू रोटा आणि कोकोस या शेजारच्या बेटांवर सोडली. 2019 साली तिला 'निसर्गातून नामशेष' या यादीतून बाहेर काढलं गेलं. पण 2020 मध्ये कोकोस बेटावरही साप सापडला.

दुसरा पक्षी सिहेक, म्हणजे ग्वामचा खंड्या. 1988 नंतर तो मोकळ्या जंगलात दिसला नव्हता. 2024 मध्ये नऊ तरुण सिहेक पालमायरा या साप नसलेल्या प्रवाळबेटावर सोडले आणि 2025 मध्ये त्यांनी अंडी घातली. ग्वामपासून हजारो किलोमीटर लांब. घरी सोडायची सोय अजून झालेली नाही.