गुढीपाडव्याला आभाळातून काय पडलं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. श्रीखंड-पुरी हाणून किती घरं पाहुण्यांकडून परत निघाली असतील! गाडीत मागच्या सीटवर पोरं पेंगत असतील. आणि पावणेआठच्या सुमाराला विदर्भात, खानदेशात, पार मध्य प्रदेशातही लोकांच्या माना वर झाल्या, त्या वरच राहिल्या. काळोख्या आभाळात आगीच्या रेघा, एकमेकींना धरून, सावकाश सरकत होत्या.

विमान पेटलं? उल्का पडली? की... उडती तबकडी?

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं. दोन-तीन मीटर रुंद, म्हणजे बैलगाडीचं चाक त्याच्यापुढे लहान दिसेल. आसपास धातूचे गोळेही मिळाले. एलियन असे सुटे भाग टाकत हिंडतात होय?

अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा संशय गेला एका चिनी रॉकेटवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते उडालं होतं. उपग्रह सोडून झाला, पण रॉकेटचा वरचा टप्पा पृथ्वीभोवती नुसताच फिरत राहिला. तिथली हवा विरळ, पण ती त्याला हळूहळू खाली खेचत राहिली. शेवटी दाट हवेत शिरताना त्याचा वेग होता सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर. नागपूरहून चंद्रपूर गाठायला वीस सेकंदसुद्धा लागू नयेत! एवढ्या वेगात समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते, भयंकर तापते, आणि अॅल्युमिनियमचे तुकडे पेटतात. सगळं मात्र जळत नाही. वायू साठवायच्या जाड टाक्या चिवट असतात, त्या खाली पोचतात.

मग उल्का कशावरून नव्हती? तिचा वेग सेकंदाला किमान ११ आणि कधीकधी ७० किलोमीटरच्याही पुढे असतो. त्यामुळे बहुतेक उल्का ‘बघ बघ’ म्हणेपर्यंत विझलेली असते. रॉकेटचं भंगार मात्र मिनिट-दीड मिनिट आभाळ ओलांडत राहतं. तेव्हा असं काही दिसलं, की किंचाळायच्या आधी सेकंद मोजायला लागा. (नंतर हवं तेवढं किंचाळा.)

गाडीतली गंमत आणखी वेगळी. निर्मनुष्य हायवे, पश्चिमेला एक लखलखीत ठिपका, आणि तो गाडीचा पाठलाग करतोय! बाबांनी वेग वाढवला की तोही वाढवतो. बाबांना गाडी बाजूला घ्यायला सांगा. थांबला ना तोही? तो बहुधा शुक्र असतो. रस्त्याकडेची झाडं जवळ असतात म्हणून मागे पळताना दिसतात. शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हाही सुमारे ४ कोटी किलोमीटर दूर असतो. तुम्ही शंभर किलोमीटर गेलात तरी त्यामुळे त्याची दिशा जाणवण्याइतकी बदलत नाही, म्हणून तो सोबत आल्यासारखा वाटतो.

आणि दिवेलागणीला एकामागोमाग ठिपक्यांची माळ सरकताना दिसली, तर ती इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या नव्या उपग्रहांची असू शकते. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण काही शे किलोमीटर वर त्यांच्यावर अजून ऊन पडलेलं असतं. माळ पुढे जाता जाता मध्येच गायब होते, कारण ती पृथ्वीच्या सावलीत शिरते.