दगड आपल्याकडेच का येतो?

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) संपतो तेव्हा चिडलेल्या जब्याने, म्हणजे त्यातल्या शाळकरी नायकाने, भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, आपल्या अंगावर येतो. मग काळोख. तोवर आपण डुकरामागे धावणाऱ्या त्याच्या कुटुंबाकडे नुसते बघत असतो. हसणाऱ्या गर्दीत आपणही होतो, हे त्या क्षणी कळते.

‘सैराट’चा (२०१६) शेवट याहून शांत आहे. नायिका आर्चीच्या माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा देते. पुढचा तिचा आणि नवऱ्याचा खून दिसतच नाही. शेजारणीबरोबर गेलेले त्यांचे लेकरू परतते, आईबाप पाहते आणि रडत बाहेर निघते. फरशीवर इवली लाल पावले उमटतात. संगीत नाही, रडण्याचाही आवाज नाही. तो आवाज प्रेक्षकाला स्वतःच्या मनात भरावा लागतो, म्हणून तो विसरता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी दाखवून दिले, की अनुभवाची आठवण मुख्यतः त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावर आणि शेवटावर ठरते. या दोन्ही चित्रपटांत ते क्षण एकच आहेत. मोबाइलवर ‘सैराट’ पाहणार असाल, तर शेवटची पाच मिनिटे गाळू नका.