ताईंच्या खोलीतला पाऊण तास

खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या तो एक चप्पल डावीकडे, दुसरी उजवीकडे भिरकावतो. ताई चपलांकडे बघतसुद्धा नाहीत. खाली मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "हा आपला खेळायचा वेळ. इथे तुला बरंचसं तुझ्या मनासारखं करता येतं." 'सगळं' असं त्या म्हणत नाहीत. त्याचं कारण थोड्या वेळाने कळणार आहे.

पुण्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची ही खेळोपचाराची खोली. शेजारच्या खोलीत छोट्या पडद्यासमोर मी आणि मुलाची आई बसलो आहोत. आत कॅमेरा आहे हे त्याला सांगितलेलं आहे. त्याने आधी कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवली आहे. आईच्या परवानगीने आणि नावगाव न लिहिण्याच्या बोलीवर मी इथे आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. वर्गात चावतो, ढकलतो, बाईंनी काही विचारलं की बाकाखाली जाऊन बसतो. गेल्या वर्षात वडील वेगळे राहायला गेले आणि आजी दवाखान्यातून परत आली नाही. दोन्हींबद्दल तो चकार शब्द काढत नाही. काढणार तरी कसा? आपल्याला काय होतंय हे शब्दांत सांगणं मोठ्यांनाही जमत नाही. विचारायला गेलं की तो म्हणतो, "काही नाही."

ताई काहीच विचारत नाहीत. शाळा नाही, मारामारी नाही, आजी नाही.

फळ्यांवर खेळणी उघडी मांडलेली आहेत, बंद डब्यात एकही नाही. घर-घर खेळायची माणसं, भातुकली, डॉक्टरचा संच, प्लॅस्टिकचे सैनिक, रबरी साप, हातात घालायच्या बाहुल्या, चिकणमाती, रंग, सावंतवाडीचा एक लाकडी बैल. एका कोपऱ्यात हवा भरलेला, बुडाशी जड असलेला बाहुला. गुद्दा मारला की आडवा होतो आणि परत उभा राहतो. मोबाइल नाही, बॅटरीवर गाणारं काही नाही. मला सगळ्यात आवडतो तो वाळूचा उथळ ट्रे. आतून निळा रंगवलेला आहे, त्यामुळे वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरीणबाईंनी १९२०च्या दशकाच्या शेवटी मुलांपुढे वाळूचे ट्रे आणि छोट्या वस्तू ठेवल्या. ही कल्पना त्यांना सुचली ती एच. जी. वेल्स यांच्या 'फ्लोअर गेम्स' या १९११च्या पुस्तकावरून. परग्रहवासीयांच्या कथा लिहिणारा माणूस बालमानसोपचाराच्या मुळाशी असा निघतो, याची मला गंमत वाटते.

मुलगा बाहुल्याला ओळीने पाच-सहा गुद्दे मारतो. "जोर लावून मारतोयस," ताई म्हणतात. शाबासकी नाही, दटावणी नाही. मग तो पिवळा ट्रक उचलून वाळूत खुपसतो आणि दोन्ही हातांनी वाळू ओढून तो पार झाकून टाकतो.

"ते आता दिसत नाहीये," ताई म्हणतात.

'ते', ट्रक नव्हे. त्याने नाव ठेवेपर्यंत त्या कुठल्याच वस्तूला नाव ठेवत नाहीत. पडद्यावर मला तो सरळ सरळ ट्रक दिसतोय. त्याच्या मनात तो काय आहे हे त्यालाच ठाऊक. तो उकरून काढतो, पुन्हा पुरतो. आई माझ्याकडे वळून कुजबुजते, "हे आमचे अहोच असणार. पिवळी गाडी आहे त्यांची." पटकन पटावं असं आहे खरं. पण आजी अँब्युलन्समधून गेली होती, हेही मघाशी तिनेच सांगितलेलं.

अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७मध्ये 'प्ले थेरपी' हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या आठ तत्त्वांपैकी एक असं, की पुढे मूल चालेल आणि उपचार करणारा मागून. वाचायला सोपं वाटतं. आपल्याकडे मूल चित्र काढायला लागलं की सूर्य कोपऱ्यात काढ म्हणून सांगणारे चार जण भोवती असतात. पाऊण तास न शिकवता, न सुधारता, तरीही पूर्ण लक्ष देऊन बसणं किती अवघड आहे ते ताईंच्या ताठ पाठीकडे बघून कळतं.

तिसऱ्यांदा पुरताना ट्रकचं चाक वर राहतं. तो दाबतो, ते परत वर येतं. अचानक मूठभर वाळू उचलून तो ताईंच्या तोंडावर फेकतो.

आई खुर्चीतून उठलेलीच आहे. ताईंचा आवाज मात्र तोच आहे. "तुला खूप राग आलाय. पण माझ्यावर वाळू फेकायची नाही. ट्रेमध्ये फेकता येईल, नाहीतर त्या बाहुल्याला मारता येईल."

आधी राग मान्य, मग मर्यादा, मग दुसरी वाट. ठरलेला क्रम आहे हा. 'बरंचसं' हा शब्द इथे कामाला येतो. ही लाडावून ठेवायची जागा असती तर वाळू चालून गेली असती. शिस्तीची असती तर धपाटा बसला असता. तो दुसरी मूठ भरतो, हात वर नेतो, ताईंकडे बघतो. त्या हलत नाहीत. वाळू ट्रेमध्ये आपटते.

"कुठे फेकायची ते तू ठरवलंस," ताई म्हणतात, आणि मगच डोळे पुसतात.

आई खाली बसते. "माझ्या सासरचे म्हणतात, खेळायला पैसे कशाला मोजायचे?" प्रश्न रास्त आहे, विशेषतः दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी दुकान उघडलं असेल तर. पण २००५ साली सू ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी ९३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खेळोपचार मिळालेल्या मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. सगळे अभ्यास सारख्या कसाचे नव्हते, हेही खरं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: आईवडिलांना शिकवून त्यांच्याकडूनच हे खेळ करून घेतले, तिथे फायदा आणखी मोठा होता. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या जोडप्याने १९६०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. ही आई पडद्यासमोर बसली आहे ती त्यासाठीच. घरी आठवड्यातून एकदा, अर्धा तास, खेळण्यांची वेगळी पेटी, फोन बंद.

"आपली पाच मिनिटं राहिलीत," आत ताई सांगतात. तो ऐकल्यासारखं करत नाही. ट्रक पुन्हा वाळूत जातो. या वेळी चाकही नीट झाकलं जातं. वेळ संपल्यावर तो ट्रेपाशीच ठाण मांडतो. "तुला अजून थांबायचंय. आजची वेळ संपली. पुढच्या मंगळवारी हे सगळं इथेच असेल." चांगली दोन मिनिटं जातात.

बाहेर ताई मला सांगतात की ट्रकचा अर्थ त्या लावत नाहीत. पुढच्या वेळी तो काय करतो ते बघायचं. आईचे प्रश्न व्यवहाराचे आहेत. साप तुळशीबागेत मिळेल का? घरी वाळूऐवजी तांदूळ चालतील का? शाळेने लेखी खुलासा मागितलाय, त्याचं काय? शाळेशी ताई बोलणार आहेत, बाईंशीच, मुख्याध्यापकांशी नंतर.

मुलगा चपला शोधतो. एक कपाटाखाली सापडते.

"तू टीव्हीवर काय बघत होतीस?" तो आईला विचारतो.

"तुला."

"मी काय केलं?"

ताईंच्या डोळ्यांत वाळू टाकलीस, हे तिच्या ओठांवर आलेलं मला दिसतं. ती म्हणते, "तू वाळूत ट्रक पुरलास. तीनदा."

"चारदा," तो म्हणतो. "आणि तो ट्रक नव्हताच."

"बरं. चारदा," आई म्हणते आणि चपलेचा बंद त्याला लावू देते.