लेथची आकारमाने व क्षमता

लेथवर (कातयंत्रावर) फिरत्या कार्यवस्तूचे कर्तन हत्याराने कातकाम करतात. लेथवर किती मोठी वस्तू कातता येईल, हे कोणत्याही एका अंकाने पूर्णपणे सांगता येत नाही. त्यासाठी पुढील मापे एकत्रितपणे विचारात घ्यावी लागतात.

व्यासाची मर्यादा : हेडस्टॉक व टेलस्टॉक यांमधील सेंटरांची (टोकदार आधारांची) बेडपासूनची उंची ही पहिली मर्यादा होय. ब्रिटिश प्रथेत ही उंची सांगतात, तर अमेरिकन प्रथेत बेडवर फिरू शकणाऱ्या वस्तूचा कमाल व्यास, म्हणजे स्विंग, सांगतात. स्विंग हा उंचीच्या सुमारे दुप्पट असतो. उदा., इंग्लंडमध्ये १९४६ साली बाजारात आलेला मायफर्ड एमएल ७ हा लेथ ३·५ इंची (सु. ८९ मिमी.) म्हणून ओळखला जाई, अमेरिकन प्रथेनुसार तो ७ इंची ठरतो. त्यामुळे दोन लेथांची तुलना करताना दिलेला अंक त्रिज्येचा आहे की व्यासाचा, हे प्रथम पाहणे आवश्यक असते. लांब दांडा कातताना तो क्रॉस स्लाइडवरून फिरतो व तेथील जागा बेडवरील जागेपेक्षा बरीच कमी असते. काही लेथांच्या बेडमध्ये हेडस्टॉकजवळ खाच (गॅप) ठेवलेली असते. तीत मोठ्या व्यासाची, परंतु कमी रुंदीची वस्तू बसविता येते.

लांबीची मर्यादा : दोन सेंटरांमधील कमाल अंतर म्हणजे कामाची लांबी होय. बेडची एकूण लांबी हिच्याहून जास्त असते. कारण हेडस्टॉक व टेलस्टॉक यांनी काही जागा व्यापलेली असते. चक वापरल्यास उपलब्ध लांबी आणखी घटते. स्पिंडल पोकळ असल्यास त्याच्या छिद्रातून जाईल एवढ्या व्यासाची लांब सळई मागून पुढे घेता येते.

वेग व शक्ती : वस्तू लेथवर मावली म्हणजे ती कातता येतेच असे नाही. द्रुतगती पोलादाच्या हत्याराने मृदू पोलाद मिनिटाला सु. २५ मी. या वेगाने कातावयाचे असल्यास ३०० मिमी. व्यासाच्या तबकडीला मिनिटाला सु. २७ फेरे द्यावे लागतात. लेथचा किमान वेग ६० फेरे असल्यास परिघावरील वेग सु. ५७ मी. होऊन हत्याराची धार लवकर जाते. शिवाय व्यास वाढला की त्याच कर्तन प्रेरणेसाठी जास्त परिपीडन लागते. म्हणून स्विंगइतकेच किमान वेग, मोटरची शक्ती व बेडची दृढता यांनाही लेथच्या निवडीत महत्त्व आहे.