घोड्याचा लंगडेपणा कसा ओळखावा?

मोगलांचीं घोडीं पाणी पिईनाशीं झालीं कीं, ‘पाण्यांत संताजी-धनाजी दिसतात काय?’ असें स्वार विचारीत, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु ज्या घोड्यांच्या बळावर ही धास्ती बसली, त्यांच्या पायांचा विचार आपण क्वचितच करतों. संताजींच्या घोरपडे घराण्याचें सेनापति कापशी हें गांव आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यांत आहे. मराठी फौजेंतील भीमथडी घोडा आकारानें लहान, पण मोठा चिवट. आजहि धनगरांच्या मेंढरांबरोबर त्यांचें बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो मैलोगणती चालतो. इ. स. २०२४ मध्यें या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. अशा लांब पल्ल्याच्या जनावराचा पाय दुखत आहे किंवा नाहीं, हें कसें ओळखावें, तें येथें पाहूं.

घोड्यास वाचा नाहीं. शिवाय दुखणें लपविण्याकडे त्याचा स्वाभाविक कल असतो. म्हणून त्याची चाल हीच त्याची वाणी समजावी. सावकाश चालींत चार पाय एकामागून एक पडतात व चार ठोके ऐकूं येतात. दुडकींत पुढचा उजवा व मागचा डावा अशी तिरकस जोडी एकदम पडते. म्हणून ठोके दोनच. प्रत्येक ठोक्यास सर्व भार दोन पायांवर येत असल्यामुळें दुखरा पाय दुडकींत लौकर उघड होतो. यासाठीं घोडा कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेंत दुडकवावा आणि दोर सैल सोडावा. दोर आंखडून धरल्यास मान हलत नाहीं व मुख्य खूणच बुजते.

पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकतांना घोडा डोकें वर उचलतो व निरोगी पाय टेकतांना खालीं आणतो. नवशिका येथेंच चुकतो. डोकें ज्या पायावर खालीं जातें, तोच दुखरा असें तो समजतो. मागच्या पायासाठीं घोडा दूर जात असतांना पाठीमागून पाहावें. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसरीपेक्षां अधिक वरखालीं होतो.

तरीहि फसगत होऊं शकते. मागचा डावा पाय दुखूं लागला, कीं घोडा आपला भार पुढें ढकलतो. त्यामुळें जोडीचा पुढचा उजवा पाय टेकतांना डोकें खालीं जातें, आणि पुढचा डावा दुखतो असा भास होतो. पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखत असल्यास तर डोकें मुळींच हलत नाहीं. केवळ पावलें तोकडीं पडतात. म्हणून समोरून, मागून व बाजूनें असें तीन वेळां पाहावें. डोळे मिटून टापाहि ऐकाव्या. एक ठोका जड व एक हलका पडत असेल, तर कांहीं तरी बिघडलें आहे. मग खूर उचलून आंत खडा रुतला आहे काय, नालेचा खिळा नाजुक भागास लागला आहे काय, खूर हातास ऊन लागतो काय, हें प्रथम तपासावें.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत १९५५ सालीं एका दिवसांत १०० मैल घोडदौडीची टेव्हिस शर्यत सुरू झाली. अशा शर्यतींत पशुवैद्य वाटेंत ठिकठिकाणीं घोडा थांबवून नाडी मोजतात व दुडकवून चाल पाहतात. लंगडणारा घोडा तेथेंच बाद होतो. इतकेंच नव्हे, तर शेवटची रेषा ओलांडल्यावरहि तपासणी असते. तींत उणा ठरलेल्या घोड्याच्या स्वारास आधीं पोंचल्याचा कांहीं लाभ नाहीं.

थकलेल्या घोड्याचीं चारी पावलें सारखींच मंदावतात; लंगडणाऱ्याची मात्र लय मोडते. हा भेद प्रत्येक वेळीं स्पष्ट दिसेलच असें नाहीं. ‘आतां थोडेंच राहिलें’ हा विचार स्वाराच्या मनांत येतो, घोड्याच्या नव्हे. आणि त्या थोड्या वाटेंत बारीक दुखापतीचें कायमचें अपंगत्व होऊं शकतें. यास्तव संशय येतांच खालीं उतरावें व लगाम हातीं घेऊन घोड्याबरोबर पायीं चालावें.